आठाचे शून्य कसे करावे: लेबल छापणाऱ्या यंत्राच्या मालकांसाठी काही सूचना

हातात मावणारे लेबल छापण्याचे यंत्र आपल्या घरात, दुकानात किंवा सोसायटीच्या कपाटात नुकतेच आले असेल, तर आपले मनःपूर्वक अभिनंदन. डब्यावर ‘हळद’ लिहायला ज्यांना पेन आणि कागदाची चिठ्ठी पुरत नाही, अशा सुसंस्कृत मंडळींत आपण आता मोडता. मीही गेल्या वर्षी त्यांच्यात सामील झालो. नागपूरच्या प्रतापनगरातील आमच्या चार मजली इमारतीत प्रत्येक मजल्यावर ८ याप्रमाणे ३२ सदनिका आहेत, आणि खालच्या मीटर खोलीतील विजेच्या ३२ मीटरांवर कोणे एके काळी खडूने घातलेले क्रमांक पुसट झाले होते. ते सुबक, छापील आणि कायमचे करावेत अशी हौस सचिव या नात्याने मला आली, समितीने खर्च मंजूर केला आणि यंत्र सीताबर्डीच्या बाजारातून घरी आले. त्यानंतर मला जे ज्ञान प्राप्त झाले आहे ते एकट्याने बाळगून ठेवणे स्वार्थीपणाचे ठरेल.

यंत्र चालूच होत नसेल, तर प्रथम खोक्यावरील अडॅप्टरच्या चित्राकडे काही क्षण आदराने पाहावे. अडॅप्टर चित्रात असतो, खोक्यात नसतो. तो वेगळा विकत घ्यायचा असतो, आणि हे खोक्याच्या खालच्या बाजूला इतक्या बारीक अक्षरांत लिहिलेले असते की ते वाचण्यासाठी त्यावर मोठ्या अक्षरांचे लेबल लावावे लागेल. मग रिमोटात घालतो तसले ६ बारीक सेल आणावेत. आपण काटकसरी असाल आणि घरातले चार्ज होणारे सेल घालण्याचा विचार करत असाल, तर जरूर घाला. साधा सेल दीड व्होल्टचा असतो, म्हणजे ६ मिळून ९ व्होल्ट होतात. चार्ज होणारा १.२ व्होल्टचा असतो, म्हणजे बेरीज ७.२ वरच थांबते. मात्र त्यांत काही सेल एका जातीचे आणि काही दुसऱ्या जातीचे अशी भेळ केली, तर पडदा उजळतो, अक्षरे उमटतात, आपण खूश होतो आणि छापायची कळ दाबताच यंत्र डोळे मिटते, कारण खरी वीज पडद्याला नव्हे, तर अक्षरे उमटवणारे प्रिंट हेड तापवायला लागते.

छपाई चालू असताना मध्येच कापायची कळ दाबण्याचा मोह झाल्यास तो अवश्य पुरवावा. टेप आतल्या आत घडी घालून बसते आणि रविवारची दुपार सत्कारणी लागते.

टेपच्या कॅसेटमधील शाईची फीत सैल पडून गुंडाळली गेली असेल, तर पुस्तिका सांगते की कॅसेट बाहेर काढून तिच्या फिरकीत पेन्सिल घालावी आणि बाणाच्या दिशेने फिरवून फीत ताणून घ्यावी. उपाय खरोखर चालतो. पेन्सिल हातात आलीच आहे, तर तिने सरळ नाव लिहून मोकळे व्हावे, असा विचार मनात आल्यास तो दडपावा.

काटकसरीचा विषय निघालाच आहे, तर थोडा हिशेब. आपण ‘१०१’ छापता, आणि बाहेर येते ती सुरुवातीला सुमारे २५ मिलिमीटर कोरी शेपटी असलेली पट्टी. यात यंत्राचा दोष नाही; छापणारे हेड आणि कापणारे पाते यांच्यात तेवढे अंतर आहे, आणि मधली टेप वाया जाणे हा निसर्गनियम आहे. एक कॅसेट ८ मीटरची असते. विजेच्या ३२ मीटरांसाठी ३२ लेबले मी एकेक करून छापली, म्हणजे २५ मिलिमीटर गुणिले ३२, बरोबर ८० सेंटिमीटर, अर्थात सोसायटीच्या कॅसेटचा दहावा भाग कचऱ्याच्या डब्यात. एकामागोमाग लेबले सलग छापून शेवटी कात्रीने कापायची सोय यंत्रात असते, हे पुस्तिकेच्या अशा पानावर असते जिथे माणूस कॅसेट संपल्यावर पोहोचतो. वार्षिक सभेत एका सभासदाने या ८० सेंटिमीटरांचा हिशेब मागितला, तेव्हा मी त्यांना ते पान वाचून दाखवले. त्यांनी विचारले की हे आधी का वाचले नाही. या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधतो आहे.

लेबल चिकटत नसेल, तर दोष नेहमी पृष्ठभागाचा असतो, हे पाठ करून ठेवावे. धूळ पुसावी, तेलकटपणा स्पिरिटने काढावा, तो वाळू द्यावा, पाठीवरचा कागद मधल्या चिरेवर टेप वाकवून सोलावा आणि मग बोटाने घट्ट दाबावे. एवढे करूनही कडा उचलल्या गेल्या, तर पुस्तिकेत वापराच्या तापमानाची मर्यादा पाहावी: १० ते ३५ अंश. आमच्या नागपुरात मे महिन्यात पहाटे दूधवाला येतो त्याच वेळेला तेवढे तापमान असते, तेव्हा मीटरांची लेबले पहाटे पाच वाजता छापावीत अशी अपेक्षा असावी. ३० मे २०२४ रोजी आमच्या शहरातील एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली होती आणि नंतर हवामान खात्याने संवेदक बिघडल्याचे सांगितले. त्या बिचाऱ्याला निदान बिघडलेला म्हणून घोषित तरी केले गेले. माझ्या यंत्राच्या नशिबी तेवढाही मान नव्हता.

भाषेबद्दल एक ओळ पुरे: यंत्रात जर्मन टिंबांची आणि फ्रेंच मात्रांची सोय आहे, ‘ळ’ची नाही, तेव्हा मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला आहे ही बातमी त्याच्यापासून लपवून ठेवावी.

आता मुख्य दुखण्याकडे वळू. छापील अक्षरांतून एक पांढरी आडवी रेघ सलग धावत असेल, तर घाबरू नये. प्रिंट हेडवर टेपच्या रुंदीभर तापणाऱ्या सूक्ष्म ठिपक्यांची एक उभी रांग असते; माझ्या यंत्रात ती इंचाला १८० या हिशेबाने आहे. टेप तिच्यासमोरून सरकते आणि जो ठिपका तापेल तिथे शाई उमटते. त्यातल्या दोन-तीन ठिपक्यांवर कचरा बसला किंवा ते जळाले, की तेवढ्या उंचीवर लेबलभर शाई उमटत नाही. इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून हेड हलक्या हाताने पुसावे. बहुतेक वेळा रेघ जाते. माझी गेली नाही.

ही रेघ माझ्या नशिबाने अक्षरांच्या बरोबर मध्यावरून गेली. इंग्रजी आठाच्या आकड्याला मध्यावर एक आडवी रेघ असते आणि ती गेली की आठ शून्य होतो. इमारतीत चार मजल्यांवर चार आठ नंबरच्या सदनिका आहेत. त्या १००, २००, ३०० आणि ४०० झाल्या. झीरो माइलच्या गावात शून्याला मान आहे हे खरे, पण तो आमच्या मीटर खोलीपर्यंत पोहोचलेला नाही. मी ही लेबले उत्साहाच्या भरात लावली आणि तपासली नाहीत, एवढी चूक मान्य करतो.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू होता. ३०८ मधल्या काकांचा मीटर बिघडला, वीज गेली, तक्रार नोंदवली गेली आणि लाइनमन आला. त्याने टॉर्च मारून मीटर खोलीतील ३२ लेबले पाहिली, कागदावर पाहिले, पुन्हा लेबले पाहिली आणि पहारेकऱ्याला सांगितले, ‘‘या बिल्डिंगमध्ये ३०८ नंबरच नाही जी.’’ कागदावर तसा शेरा मारून तो निघून गेला. त्या रात्री काका-काकूंनी बंद कूलरसमोर बसून काढलेल्या तासांचा हिशेब सभेत कोणी मागितला नाही, पण सकाळी सात वाजता काका माझ्या दारात उभे होते. ‘‘सेक्रेटरीसाहेब, आमचं घर कुठं गेलं ते तेवढं सांगून द्या,’’ एवढेच ते म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून मी यंत्र दुरुस्त करून घ्यायचे ठरवले. वाचकहो, हा मार्ग आपण अवश्य पत्करावा. प्रथम मदत क्रमांकावर फोन करावा. तिकडून विचारले जाईल, ‘‘सर, आपने बॅटरी सही से लगाई है ना?’’ आपण हो म्हणावे. मग विचारले जाईल की टेप कंपनीचीच आहे ना, यंत्र एकदा बंद करून चालू केले आहे ना, मूळ स्थितीत आणायच्या कळा एकत्र दाबल्या आहेत ना. सगळ्याला हो म्हटले की मग विचारले जाईल की यंत्र आपण कुठे पाडले तर नाही ना. प्रश्न किती आपुलकीचे आहेत पाहा. प्रत्येक प्रश्नात गुन्हेगार ठरलेलाच असतो, फक्त गुन्हा शोधायचा असतो. पाऊण तासानंतर सांगण्यात येते की यंत्र सेवा केंद्रात घेऊन जावे आणि सोबत पावती व अनुक्रमांक न्यावा.

मी दुपारी दोन वाजता, डोक्याला दुपट्टा बांधून, गल्लीतल्या पहिल्या मजल्यावरच्या सेवा केंद्रात गेलो. तिथल्या मुलाने यंत्र उलटे केले, सेलांचे झाकण उघडले आणि म्हणाला, ‘‘काका, यावर सिरीयल नंबरच दिसत नाही न.’’ मी पाहिले. खरोखर नव्हता. अनुक्रमांकाचे जे लेबल कंपनीने स्वतःच्या हाताने आपल्याच यंत्राला लावले होते, ते घासून कोरे झाले होते. दुसऱ्यांची नावे कायमची छापून देणाऱ्या यंत्राला स्वतःचे नाव वर्षभर टिकवता आले नव्हते. मी पावती पुढे केली. तीही कोरी होती! दुकानदाराने ती त्या चकचकीत औष्णिक कागदावर छापून दिली होती, ज्यात शाई नसतेच, कागदावरचा लेपच तापून काळा होतो आणि काही महिन्यांच्या उन्हा-उजेडात ते काळेपण विरून जाते. माझ्या यंत्रातली लॅमिनेटेड टेप निदान शाई दोन थरांच्या मध्ये दाबून ठेवते; पावतीच्या नशिबी तेवढेही नव्हते. मुलाने पावती उजेडात धरली, तिरकी केली, परत दिली. ‘‘मंग आपल्या हातात काही नाही जी. अन् हेड बदलायचं म्हटलं तर याच्यात नवीन मशीन येऊन जाते. नवीनच घ्या.’’ वर त्याने असेही सुचवले की कॅसेट मी डुप्लिकेट टाकली असन. कॅसेट त्याच दुकानातली होती, पण तिची पावतीही त्याच कागदावरची होती.

आता मला कोणी सांगावे की यात चूक कोणाची? ग्राहकाने पावतीची छायाप्रत काढून ठेवायची, अनुक्रमांकाचा फोटो काढून ठेवायचा, सेल एका जातीचे घालायचे, ३५ अंशांच्या आत राहायचे, स्पिरिट लावायचे, बोटाने घट्ट दाबायचे. हे सगळे करेन मी, यातले काही केलेही. पण तुमचा धंदा काय आहे हो? तुमचा धंदाच मुळी लेबल टिकवण्याचा आहे. लेबल पुसले जाणार नाही, ऊन लागले तरी जाणार नाही, असे खोक्यावर ठळक छापता आणि त्याच खोक्यातल्या यंत्राचा अनुक्रमांक असल्या कागदावर चिकटवता की बोटाच्या घामाने तो विरघळावा? लाज वाटत नाही? सुटे हेड यंत्राच्या किमतीला विकायचे, यंत्र स्वस्त ठेवायचे आणि कॅसेटमध्ये वसूल करायचे, हा हिशेब आम्हाला कळत नाही असे समजू नका. ८० सेंटिमीटर कोरी टेप माझ्या हातून गेली म्हणून सभेत मी मान खाली घातली. ती शेपटी ज्याने यंत्रात ठेवली त्याने कुठे मान खाली घातली ते मला दाखवा.

आणि दुकानदार भाऊ, तुम्हीही ऐका. वॉरंटी एक वर्षाची देता आणि तिचा पुरावा वर्ष उलटण्याआधीच मिटून जाईल अशा कागदावर देता, याला व्यवहार म्हणत नाहीत. पुढच्या सोमवारी मी काकांना बरोबर घेऊन तुमच्या दुकानात येतो आहे. दुसरे यंत्र घेणार नाही. मीटरांवर रंगाने क्रमांक घालायला एक पेंटर पाहिला आहे, त्याला लागणारा पांढरा रंग आणि ब्रश तेवढा तुमच्या शेजारच्या दुकानातून घेईन. तुमच्याकडून मला फक्त त्या जुन्या यंत्राची पावती पुन्हा हवी आहे, आणि ती पेनने लिहून द्या.