जिलबी, आत्या आणि नारिंगी शंकू

आमच्या लग्नाची पंचविशी २०२१च्या मे महिन्यात होती. त्या मे महिन्यात माणसं दूध आणायलाही दबकत बाहेर पडत होती, त्यामुळे पंचविशी आम्ही सव्विसाव्या वर्षी केली. बायको म्हणाली, "अहो, एवीतेवी सगळे जमणारच आहेत, तर लग्नाची सीडी लावू." मी 'बघू' म्हणालो. आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', हे तिला पुरेपूर ठाऊक असल्यामुळे तिने त्याच संध्याकाळी मला माळ्यावर चढवलं.

सीडी म्हणजे तीन सीड्या. १९९६ साली साताऱ्यात झालेल्या लग्नाची मूळ व्हिडिओ कॅसेट होती. तिला बुरशी धरायला लागली तेव्हा एका स्टुडिओवाल्याने तिच्या सीड्या करून दिल्या. पहिलीत सीमांतपूजन ते मंगलाष्टकं, दुसरीत सप्तपदी आणि आहेर, तिसरीत पंगत. खरी भानगड तिसरीत आहे. आमच्या दोन्ही घरांत सव्वीस वर्षं एक वाद धुमसतोय: शेवटच्या पंगतीला जिलबी पुरली की नाही. आमच्याकडचे म्हणतात, वरपक्षाच्या पानात जिलबी पडलीच नाही. तिच्याकडचे म्हणतात, भरपूर केली होती, गेली कुठे ते तुमचं तुम्हाला माहीत. आमच्या बाजूची मुख्य साक्षीदार म्हणजे आत्या. "मी डोळ्यांनी पाहिलंय, परात रिकामी होती," हे वाक्य तिने गेल्या सव्वीस वर्षांत प्रत्येक लग्नात, मुंजीत आणि एका बाराव्यालाही म्हटलेलं आहे.

लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही, हे सीडी हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवून बघितल्यावर लक्षात आलं. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह उसना आणला. आत 'एव्हीएसईक्यू०१ डॉट डॅट' अशा नावाची फाइल निघाली. आमचं लग्न असं नाव लावून बसलं असेल याची मला कल्पना नव्हती. लॅपटॉपमधल्या प्लेअरने ती फाइल पाहिली आणि हा प्रकार आपल्याला चालवता येत नाही, असं सांगून अंग काढून घेतलं.

मग मी नेटवरून एक विकतचा प्लेअर उतरवला. कोणाचा ते सोडा. आधी तीन मिनिटं फुकट, पुढे पैसे. त्या तीन मिनिटांतही 'कृपया नोंदणी करा' अशी आडवी पट्टी चित्रावर, ती नेमकी अंतरपाटावर. भटजींनी 'शुभमंगल' म्हटलं आणि 'साव...' वर चित्र गोठलं. हा इशारा लग्नाच्या वेळी मिळाला असता तर गोष्ट वेगळी होती, पण आता मी चौदाशे नव्याण्णव रुपये भरले. पहिल्या दोन सीड्या लागल्या. तिसरीला त्याने 'फाइल खराब आहे' असं सांगितलं. यात त्याची पूर्ण चूक म्हणता येणार नाही. तिसरी सीडी मधली दोनेक वर्षं बाल्कनीत कबुतरं पळवायला दोऱ्याने टांगलेली होती. कोणी टांगली होती, यावर मी बोलणार नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी भाचा आला. "मामा, व्हीएलसी प्लेअर का नाही टाकत?"

टाकायला गेलो तर साइटच उघडेना. त्या वर्षी फेब्रुवारीपासून आपल्याकडे व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनची साइट बंद केलेली होती, ती पुढे नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाली. भाच्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला. मी सवयीने दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "क्रॅक आहे का रे?"

"मामा, क्रॅक कशाला? फुकटच आहे. मी तुम्हाला दिलं, तुम्ही शेजाऱ्यांना द्या. कायदेशीर आहे."

माझी सगळी संगणकसाक्षरता लोकांच्या सीड्या उसन्या आणून, पंचवीस अक्षरी किल्ल्या कागदावर उतरवून घेण्यात गेली आहे. पेनड्राइव्हवरून कॉपी करताना चोरटं वाटत नाही, याचंच मला चोरट्यासारखं वाटलं.

आत्या सोफ्यावरून ऐकत होती. "फुकट? मग त्यात काहीतरी गोम असणार." ही बाई भाजीवाल्याकडून कोथिंबीर, मिरची आणि वर कढीपत्ता फुकट घेतल्याशिवाय पिशवी उचलत नाही. पण सॉफ्टवेअरच्या बाबतीत तिची तत्त्वं कडक.

भाच्याने तिला समजवायला घेतलं. पॅरिसजवळच्या एकोल सॉन्त्राल नावाच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरं. वसतिगृहातलं नेटवर्क टोकन रिंग नावाच्या जुन्या पद्धतीचं, त्यावर गेम खेळायला गेलं की रखडायचं. आता गेमसाठी वेगवान नेटवर्क द्या म्हटलं तर कुठलं कॉलेज देईल? मग युक्ती निघाली: खोलीखोलीत डिश आणि डिकोडर कशाला, एकच डिश लावू आणि टीव्हीचं चित्र नेटवर्कवरून खोल्यांत सोडू. त्यासाठी वेगवान नेटवर्क हवंच! ज्यातून पुढे व्हीएलसी निघाला, तो हा प्रकल्प सुरू झाला १९९६ साली.

"म्हणजे आमच्याच वर्षी," बायको म्हणाली. त्यांचा अजून चालतोय, असं ती पुढे म्हणाली नाही, पण माझ्याकडे बघितलं.

२००१च्या फेब्रुवारीत कॉलेजने परवानगी दिली आणि सगळा कोड जीपीएल, म्हणजे कोणीही वापरा, बदला, वाटा अशा परवान्याखाली जगाला मोकळा झाला. पुढे हे काम सांभाळणाऱ्या झाँ-बाप्तिस्त केंफ यांना प्लेअरसोबत जाहिराती घुसवण्यासाठी कोट्यवधी युरो देऊ केले होते, ते त्यांनी नाकारले.

"नाकारले?" आत्या म्हणाली. "मग तर नक्कीच गोम आहे. आणि हे काय चिन्ह? रस्ता खोदलाय तिथे ठेवतात तसलं?"

ते खरंच तसलंच आहे. पोरं रात्रीची रस्त्यावरचे शंकू उचलून वसतिगृहात आणून ठेवायची, तेच चिन्ह झालं, असं त्यांचेच लोक सांगतात. आत्याने विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघितलं. चोरीचा माल, तिचं समाधान झालं.

संध्याकाळी तीस माणसं टीव्हीसमोर. पहिली सीडी लागली, ना पट्टी, ना नोंदणी. भटजींचे ओठ पुढे आणि मंत्र मागे पडत होते. भाच्याने 'जे' हे बटण चारदोनदा दाबलं आणि भटजी सुधारले. आवाज बारीक म्हणून सव्वाशे टक्क्यांपर्यंत चढवला. आहेर सुरू झाल्यावर त्याने वेग दुप्पट केला. चाळीस मिनिटांचे टॉवेल-टोपी वीस मिनिटांत आटोपले, आणि एरवी जागचे न हलणारे माझे सासरे टणाटण उठबस करताना दिसले. सगळं घर हसलं. आहेर बघायचा असाच असतो, हे मला तेव्हा कळलं.

मग तिसरी. मी मनातल्या मनात कबुतरांचा धावा केला. पण भाच्याने सांगितलं होतं तेच झालं. हा प्लेअर जन्मला तो नेटवर्कवरून येणारं चित्र दाखवायला. तिथे वाटेत डेटाचे तुकडे गळणारच, हे त्याने धरलेलं. गळलं ते सोडायचं, मिळेल ते दाखवायचं. फाइलीतलं चित्र-आवाज उलगडणारे कोडेकही सगळे पोटातच, बाहेरून काही आणायला नको. चित्र चौकटी-चौकटींत फुटलं, दोनदा हिरवं झालं, श्रीखंडाच्या वाट्यांवर थबकलं आणि चालू लागलं.

शेवटची पंगत आली. वाढपी आला. मागे स्वयंपाकघराचं दार, दारात जिलबीची परात, भरलेली. परातीसमोर पाठमोरी कोणी जांभळ्या पैठणीतली बाई स्टीलच्या डब्यात एकेक थर लावत होती, वर कागद, पुन्हा थर. झाकण दाबून बसवलं आणि ती वळली.

भाच्याने चित्र थांबवलं. ते त्याने करायला नको होतं. विकतच्या प्लेअरने माझे पैसे घेऊनही हा चेहरा सव्वीस वर्षांसारखाच पुढेही झाकून ठेवला असता.

खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येत होता. सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तीस माणसं हळूहळू सोफ्याकडे वळली.

आत्याने पदर सावरला. टीव्हीकडे बोट दाखवत ती माझ्या भाच्याला म्हणाली, "मी सकाळीच म्हटलं नव्हतं? फुकटचं आहे ते. काहीही दाखवतं."