बिनहवेचे टायर दिवाळीला येत नाहीत, मामा

आमच्या वाईच्या मामांची इको व्हॅन रोज पसरणीचा घाट चढते. पाचगणीच्या हॉटेलांत कामाला जाणाऱ्या सहा बायका सकाळी वर न्यायच्या, अंधार पडायच्या आत खाली आणायच्या. गेल्या रविवारी दुपारी ते साताऱ्याला माझ्या दुकानात गाडी घेऊन आले, अलाइनमेंट करायची म्हणून. बघतो तर पुढचे दोन्ही टायर गोटा, नक्षी पार झिजलेली. म्हटलं, "मामा, आधी टायर बदलू." त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "कशाला पैसं घालवायचं? दिवाळीला बिनहवेचं टायर येत्यात. अन् तू हे सांगणार न्हाईस, तुझा धंदा बसंल."

तो मेसेज त्या आठवड्यात मी तिसऱ्यांदा पाहत होतो. त्यात लिहिलंय की येत्या दिवाळीपासून सगळ्या नव्या गाड्यांना बिनहवेचे टायर सक्तीचे होणार, हवेचे टायर बंद होणार. नवा टायर कधी झिजत नाही, कधी फुटत नाही, पेट्रोलही वाचवतो. तेव्हा आता टायर घेऊ नका, टायरवाले तुम्हाला लुटताहेत. आणि दिवाळीपर्यंत थांबवत नसेल तर आहे त्याच टायरमध्ये फोम भरून घ्या, झाला तुमचा टायर एअरलेस. खाली फोम भरणाऱ्याचा नंबर.

माझा धंदा टायरचाच आहे, हे आधीच सांगतो. मामांना मी टायर खरेदीच्या भावात देतो, मजुरी घेत नाही. तेव्हा लुटीचं सोडा आणि पुढचं ऐका.

सक्तीचा असा कुठलाही नियम नाही. जुलै २०२० मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत एक बदल केला होता. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल, तर स्टेपनी नसली तरी चालेल. बहुतेक त्याचंच कुणीतरी हे करून टाकलंय. स्टेपनी नाही म्हणजे हवा नाही, असा अर्थ त्यातून कसा निघतो ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

आणि टायर आहे कुठे? मिशेलिन या फ्रेंच कंपनीने जून २०१९ मध्ये जनरल मोटर्ससोबत 'उप्टिस' नावाचा बिनहवेचा टायर जगाला दाखवला आणि २०२४ पर्यंत तो कारला बसवायचं उद्दिष्ट स्वतःच जाहीर केलं. २०२४ सरलं. शोरूममधल्या नेहमीच्या कुठल्याही गाडीला तो लागला नाही. २०२३ मध्ये सिंगापूरला पार्सल वाटणाऱ्या डीएचएलच्या व्हॅनना तो लावला, नंतर फ्रान्समध्ये टपालखात्याच्या व्हॅनना. शहरातली बेताच्या वेगाची कामं ती. याच कंपनीचा आधीचा 'ट्वील' २००५ मध्ये जगापुढे आला; तो आज गवत कापायच्या यंत्रांना आणि छोट्या लोडरना लागतो. इतका पैसा आणि इतके इंजिनिअर हाताशी असलेली कंपनी ज्या कामात वीस वर्षं अडली आहे, ते व्हॉट्सअॅपवाला दिवाळीपर्यंत उरकणार, यावर मी विश्वास ठेवू?

अडलंय कुठे तेही बघा. हवेच्या टायरमध्ये गाडीचं वजन मुख्यतः हवा पेलते आणि दणकाही तीच खाते. बिनहवेच्या टायरमध्ये ते काम आऱ्यांसारख्या लवचीक पट्ट्यांना करावं लागतं. वेगात प्रत्येक पट्टी फेऱ्यागणिक दबते आणि सुटते. त्यातून धडधड होते, आवाज होतो, उष्णता साठते. मधल्या उघड्या फटींत चिखल आणि खडी बसली की चाकाचा तोल जातो. गाळप हंगामात कारखान्याच्या रस्त्याने गाडी चालवलेल्या माणसाला मी हे वेगळं सांगायला नको. ट्रॉल्यांच्या चाकांबरोबर शेतातला चिखल डांबरावर येऊन पडतो तो पाहिलाय सगळ्यांनी. शिवाय पट्ट्या तुटल्या तर नाक्यावरचा पंक्चरवाला काय करणार? सगळं चाकच बदलायचं.

मुळात बिनहवेचं चाक ही नवी गोष्टच नाही. आपल्या बैलगाडीचं लाकडी चाक आणि त्यावरची लोखंडी धाव, ते काय होतं? डनलॉपने १८८८ मध्ये हवेचा टायर केला, आणि पुढे आपल्याकडच्या ऊसवाल्यांनी धावेचं चाक सोडून टायरगाडी घेतली, ती बैलाला ओढायला हलकी जाते म्हणून. पेट्रोल वाचण्याचं उत्तरही यातच आलं.

झिजत नाही म्हणे. उप्टिसलाही वरून रबरच आहे, आणि रबर डांबरावर घासलं की झिजतं.

उन्हाने हवा फुगते आणि टायर फुटतो, हे मात्र शाळा शिकलेली माणसंही बोलतात. हिशोब करा. थंड टायरमध्ये ३२ पीएसआय भरली आणि पळताना हवा ३० अंशांनी तापली, तर दाब जातो साधारण ३६-३७ वर. टायरच्या बाजूला कमाल दाब छापलेला असतो, कारच्या टायरवर बहुधा ४४ किंवा ५१. फुटण्याचा खरा धोका कमी हवेत आहे. हवा कमी असली की बाजूची भिंत सारखी मुडपते, तापते, आतून सुटत जाते. असा टायर मी रिमवरून उतरवतो तेव्हा आतून मूठभर काळा भुगा निघतो. ते त्याच टायरचं रबर असतं.

आता फोम. चीड येते ती या मुद्द्याची. फोम भरलेले टायर असतात, नाही कशाला म्हणू? भंगाराच्या यार्डात, खाणीत, जिथे लोडर सावकाश चालतो आणि पत्र्यावरून जातो तिथे. तो फोम साधारण पाण्याइतका जड. इकोसारख्या गाडीच्या टायरची पोकळी वीस-बावीस लिटरची, म्हणजे एका चाकावर वीसेक किलो जास्तीचं ओझं. स्प्रिंग, शॉकअॅब्सॉर्बर, बेअरिंग, ब्रेक यांतलं काहीच त्या वजनासाठी केलेलं नाही. आतली उष्णता बाहेर पडायला वाट नाही. हवा कमी-जास्त करता येत नाही, तोल सावरता येत नाही, आणि एकदा भरला की टायर कापल्याशिवाय निघत नाही. अशी गाडी खंबाटकी घाटाच्या वळणावर घालायची, आणि मेसेजवाला लिहितो 'बिनधास्त १२० ने पळवा'. याला मी सल्ला म्हणणार नाही.

आणि 'टायर घेऊ नका' हे त्याहून वाईट, कारण ते करायला काहीच लागत नाही, नुसतं थांबायचं. कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्याने बाद. नक्षीच्या खाचांत छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या बरोबरीला आलं की समजायचं. मामांच्या पुढच्या टायरवर ते उंचवटेही झिजून गेले होते. पावसात त्या खाचाच पाणी बाहेर फेकतात. त्या नसल्या की टायर पाण्यावर तरंगतो आणि ब्रेक दाबूनही गाडी सरळ पुढे जाते. पसरणीच्या घाटात पुढे काय असतं? मागे बसणाऱ्या सहा बायकांपैकी एकीला तरी कुणी विचारलं होतं, दिवाळीपर्यंत थांबू का म्हणून?

एक मान्य करतो, करावंच लागेल. बिनहवेचा टायर पंक्चर होणार नाही हे खरं आहे. पंक्चर आणि चुकीचा दाब यांमुळे जगात दरवर्षी सुमारे २० कोटी टायर वेळेआधी भंगारात जातात, असं मिशेलिन सांगते. तिला माल विकायचा आहे हे धरूनही आकडा लहान नाही. उद्या तो टायर आपल्या रस्त्यांवर टिकला तर दुकानात मीच पहिला बसवीन.

मामांना हे सगळं सांगायला तासभर गेला. त्यांच्या टायरवरचे चार आकडे दाखवले, ३११७, म्हणजे २०१७ सालच्या ३१व्या आठवड्यातला माल. मग ते गप्प झाले. मागच्या टायरना बरी नक्षी होती, ते पुढे घेतले आणि नवी जोडी मागे टाकली. "नवं मागं का रं?" त्यांनी विचारलं. म्हटलं, पावसात पुढच्या चाकांची पकड सुटली तर गाडी सरळ जायला बघते, मागच्यांची सुटली तर गरकन फिरते, आणि फिरलेली गाडी सावरत नाही. त्यांनी वाकून मागच्या टायरच्या खाचेत बोट घालून बघितलं, घड्याळ बघितलं. बायकांना आणायची वेळ होत आली होती. ते निघाले.