स्थिर कॅमेरा म्हणजे नाटक नव्हे

नमस्कार.

स्वीडिश मूकपटांवरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल मनापासून आभार. या चित्रपटांतला कॅमेरा जागचा हलत नाही, म्हणून ते पडद्यावर उतरवलेले नाटकच आहे, आणि 'द फँटम कॅरेज'मधील दुहेरी छायांकन (एकाच फिल्मवर पुन्हा चित्रण करून एकावर एक प्रतिमा उमटवणे) ही सुरुवातीच्या काळातील फ्रेंच चित्रपटकार मेलिएस यांची जुनीच करामत आहे, असे आपले दोन आक्षेप आहेत. दुसऱ्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. हे तंत्र त्यात 'प्रथमच' वापरले गेले असे मी लेखात लिहिले होते, ते चूक होते आणि तो शब्द मी काढून टाकला आहे.

पहिला आक्षेप मात्र मला मुळीच पटत नाही. स्वीडिश दिग्दर्शक व्हिक्टर शोस्ट्रोम यांच्या 'इंगेबोर्ग होल्म'मध्ये (1913) नवऱ्याच्या मृत्यूनंतर कफल्लक झालेल्या बाईला निराधारांच्या आश्रमात जावे लागते आणि तिची मुले परक्या घरी सांभाळायला दिली जातात. निघालेला मुलगा परत धावत येऊन आईला बिलगतो. तो पुन्हा चालू लागताच, त्याने वळून पाहिले तरी आपण दिसू नये म्हणून ती दाराआड होते. नाट्यगृहात डावीकडे आणि उजवीकडे बसलेल्यांना रंगमंच वेगवेगळा दिसतो, त्यामुळे कोणाला काय दिसावे हे इतक्या काटेकोरपणे ठरवता येत नाही. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो. शोस्ट्रोम यांनी तो स्थिर ठेवला, म्हणूनच दाराआडची ती वीतभर जागा एवढी बोलकी झाली.

शोस्ट्रोम यांच्याच 'द फँटम कॅरेज'विषयीही (1921) माझे म्हणणे असेच आहे. छायाचित्रकार युलियुस येनसोन यांनी फिल्म कॅमेऱ्यातच मागे गुंडाळून पुन्हा चित्रित केली, काही दृश्यांत तर चार वेळा, आणि तीही हाताने हँडल फिरवण्याच्या त्या काळात. मृत्यूचा गाडीवान बुडालेल्या माणसाला नेण्यासाठी समुद्राच्या तळाशी उतरतो, ते दृश्य कृपया पुन्हा पाहावे. मेलिएस यांची भुते आपल्याला चकित करतात. इथे मेलेला नायक दाविद होल्म आपल्या बायकोचे हाल उघड्या डोळ्यांनी पाहतो आणि काहीच करू शकत नाही. ही असहायता पारदर्शक देहाखेरीज दाखवता आली असती, असे मला वाटत नाही.

पुढच्या पिढीतील स्वीडिश दिग्दर्शक बर्गमन यांच्यामुळेच या परंपरेला मोठेपण मिळाले, असेही आपण सुचवले आहे. 1957 मध्ये त्यांनी 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'मध्ये वृद्ध शोस्ट्रोम यांना प्रमुख भूमिका दिली, त्याने हे नाव नव्या पिढीपर्यंत पोहोचले, हे खरेच आहे. पण आपण या परंपरेला जोखतो आहोत ते उरल्यासुरल्या चित्रपटांवरून, कारण 1941 मध्ये निगेटिव्हच्या साठ्याला लागलेल्या आगीत या परंपरेतले कितीतरी चित्रपट नष्ट झाले. शोस्ट्रोम यांच्या 1912 मधल्या 'द गार्डनर'वर तर स्वीडनच्या सेन्सॉरने बंदीच घातली होती. त्याची प्रत कितीतरी दशकांनी अमेरिकेत सापडली.