घरपट्टी भरली, मग हे दुसरं बिल कसलं?

गेल्या सप्टेंबरमध्ये बाबा इचलकरंजीहून आमच्याकडे न्यूझीलंडमधल्या टौरंगाला आले होते. टपालपेटीतली पाकिटं आणायचं काम त्यांनी पहिल्याच दिवशी आपणहून अंगावर घेतलं. एका सकाळी हातात उघडं पाकीट घेऊन आत आले.

"अगं, घरपट्टी तर तू गेल्या महिन्यातच भरलीस ना? मग ही दुसरी कुणाची?"

बाबा आयुष्यभर नगरपालिकेत कारकून. त्यातली बरीच वर्षं जकात नाक्यावर. कुठलाही सरकारी कागद ते आधी शेवटच्या रकान्यापासून वाचतात. त्यांना सांगितलं, पहिली सिटी कौन्सिलची, म्हणजे शहराच्या पालिकेची; ही रिजनल कौन्सिलची, म्हणजे आसपासच्या सगळ्या प्रदेशाच्या कौन्सिलची. पूर्वी दोन्ही एकत्रच यायचं, 2022 पासून बे ऑफ प्लेंटी (हा आमचा प्रदेश) रिजनल कौन्सिल आपलं बिल वेगळं पाठवते. पाणी, गटार, कचरा, रस्ते सिटीकडे. नद्या, तळी, हवा, किनारा, पुराचे बांध, कीड-तण आणि शहरातल्या बस या दुसरीकडे.

"म्हणजे नदीची पट्टी वेगळी," बाबा म्हणाले.

इतकं नेमकं मला दहा वर्षांत जमलं नव्हतं.

न्यूझीलंडमध्ये 1989 साली रिजनल कौन्सिल आल्या, तेव्हा त्यांच्या हद्दी बऱ्याच अंशी पाणलोट क्षेत्र बघून आखल्या. म्हणजे तालुका कुठे संपतो ते नाही, डोंगरावरचं पाणी कुठे वाहतं ते पाहून. 1991 च्या कायद्याने पाणी उपसणं, सांडपाणी सोडणं, धूर सोडणं या सगळ्याची परवानगी देण्याचं आणि ती मोडली तर कोर्टात खेचण्याचं काम त्यांच्याकडे आलं. आपल्याकडे खोऱ्यासाठी महामंडळ वेगळं, प्रदूषणासाठी मंडळ वेगळं, आणि पंचगंगा काळी पडली, मासे तरंगले की दोघं एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे. 2012 ची काविळीची साथ आमच्या गल्लीत अजून कुणी विसरलेलं नाही. तेव्हा "नदी कुणाची" या प्रश्नाला इथे निदान एक पत्ता आहे, याचं मला अप्रूप होतं. अजूनही आहे.

बिलात बाबांना आवडला तो टार्गेटेड रेट. ज्याला फायदा, त्याचा वाटा जास्त. रांगिताइकी नदीच्या बांधामागे राहणारा बांधासाठी जास्त भरतो, रोटोरुआचा माणूस तळ्यांसाठी, आम्ही टौरंगावाले बससाठी. (बस रिकाम्या धावतात हा वेगळा विषय. मीही गाडीच काढते.) अर्थात पट्टी भरली म्हणून बांध टिकतोच असं नाही. एप्रिल 2017 मध्ये एजकम गावातली पूरसंरक्षक भिंत फुटली आणि सगळं गाव रिकामं करावं लागलं. त्याची स्वतंत्र चौकशी झाली, अहवाल सगळ्यांसमोर आला.

रोटोरुआच्या तळ्यांवर मात्र थोडं थांबायला हवं. गोठ्यांचं नत्र तळ्यात उतरून शेवाळ माजलं. 2008 मध्ये केंद्र सरकारने 7 कोटी 20 लाख डॉलर कबूल केले, तेवढेच इथल्या लोकांनी घालायचे ठरलं. त्याच वर्षी एका तळ्याचं घाण पाणी दुसऱ्यात पसरू नये म्हणून रोटोइटी तळ्यात सव्वा किलोमीटरची भिंत उभी राहिली. पुढे ठरलं की 2032 पर्यंत रोटोरुआ तळ्यात जाणारं नत्र वर्षाला 435 टनांवर आणायचं, आणि त्यातला 100 टनांचा भाग शेतकऱ्यांना पैसे देऊन कमी करायचा, त्यासाठी 4 कोटी डॉलर. गंमत अशी की जमिनीतून मुरून हे नत्र तळ्यात पोचायला अनेक दशकं लागतात. आज तळ्यात उतरतंय ते कुणाच्या तरी आजोबांच्या गाईंचं. अशा कामाला तीन वर्षांनी निवडणूक लढवणाऱ्याच्या खिशातला पैसा पुरत नाही, दरवर्षी न चुकता येणारा लागतो.

आता मूळ मुद्दा. तो न चुकता येणारा पैसा येतो कुठून? बाबांनी बिलाची रक्कम पाहिली आणि विचारलं, "एवढ्याशात हे सगळं भागतं?" नाही भागत. आमच्या कौन्सिलच्या मालकीची कीसाइड नावाची कंपनी आहे आणि त्या कंपनीकडे टौरंगा बंदराचे 54 टक्के शेअर आहेत. जुनं हार्बर बोर्ड मोडलं तेव्हा ते कौन्सिलच्या पदरात पडले. बंदर 1992 मध्ये शेअर बाजारात गेलं, आज देशातलं सगळ्यात मोठं आहे. अलीकडच्या वर्षांत कीसाइडकडून कौन्सिलला 4 कोटी डॉलरहून जास्त लाभांश येतो आणि तेवढी आमची पट्टी हलकी होते.

बाबा खूश. म्हणाले, "जकात गेली त्या दिवशी आमच्या पालिकेचं कंबरडं मोडलं. मग सहायक अनुदानाची वाट बघत मुंबईकडे तोंड करून बसायचं. घरचं उत्पन्न असलं की माणूस ताठ राहतो."

बाबांशी मी इथपर्यंत सहमत आहे. पुढे नाही.

त्या शनिवारी त्यांना माऊंट माउंगानुईला नेलं. डोंगराला फेरी मारताना बंदर दिसतं, पाइनच्या ओंडक्यांचे ढीगच्या ढीग. "ह्यातलं तुझं किती?" बाबांनी विचारलं. म्हटलं, साडेतीन लाख लोकांत 54 टक्के, तुम्हीच हिशोब करा. पण त्या ओंडक्यांच्या सालीची धूळ उडते, कीड मारायला वर्षानुवर्षं मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिली गेली, आणि 2019 मध्ये त्या भागाची हवा अधिकृतपणे प्रदूषित म्हणून वेगळी नोंदवावी लागली. बंदर आणि औद्योगिक पट्ट्याला लागूनच फारेरोआ मराए आहे, माओरी कुटुंबांची वस्ती. आजूबाजूला खत, डांबर, तेलाच्या टाक्या. आमच्या हवेचं काय, हे ती माणसं किती वर्षं विचारत आहेत. आणि त्या हवेवर नजर ठेवायची कुणी? रिजनल कौन्सिलने. म्हणजे बंदराची मोठी मालकीण तीच आणि फौजदारही तीच.

कौन्सिल डोळेझाक करते असं मी म्हणत नाही. तिने हवामापन केंद्रं बसवली, नियम कडक केले. बंदराने धक्का वाढवायला अर्ज केला तेव्हा प्रकरण पर्यावरण न्यायालयात गेलं, तेही बरंच झालं. पण घरातला कमावता मुलगा आणि त्याची परीक्षा घेणारा मास्तर एकाच ताटात जेवत असतील, तर मास्तर कितीही सचोटीचा असो, पोरांना शंका येणारच. आणि त्या ताटात मीही जेवते. माझी पट्टी कमी येते ती फारेरोआच्या शेजारच्या धक्क्यावरून. हे बिलावर कुठे ठळक लिहिलेलं मला तरी दिसलं नाही.

2024 मध्ये दहा वर्षांचा आराखडा करताना बंदरातला हिस्सा कमी करावा का, असं कौन्सिलने लोकांना विचारलं होतं. माझं मत तेव्हाही हेच होतं: विकू नका. विकून हवा सुधारत नाही, फक्त मालक बदलतो आणि तळ्यांचा पैसा आटतो. हिस्सा ठेवा, पण बंदराची तपासणी दुसऱ्या यंत्रणेकडे द्या, आणि लाभांशातला ठरावीक भाग आधी त्या वस्तीच्या हवेवर खर्च करा, मग आमची पट्टी कमी करा. माझी वाढली तरी चालेल. (नवऱ्याचं मत वेगळं आहे, तो कमेंटमध्ये लिहीलच.)

आणि नोव्हेंबर 2025 मध्ये सरकारने नवाच प्रस्ताव आणला: रिजनल कौन्सिलचे निवडून आलेले सदस्यच काढून टाकायचे, त्यांच्या जागी प्रदेशातल्या महापौरांचं मंडळ. पैसा वाचेल, म्हणतात. पण महापौर निवडून येतो तो रस्त्यांवर आणि घरपट्टी न वाढवण्यावर. पन्नास वर्षांनी तळ्यात पोचणाऱ्या नत्रासाठी तो आज कुणाला दुखवणार? शिवाय आमच्या कौन्सिलमध्ये 2001 च्या खास कायद्याने माओरी मतदारसंघ आहेत. सदस्यच नाहीत म्हटल्यावर फारेरोआवाल्यांनी दार ठोठवायचं कुणाचं?

लोकांची मतं मागवली तेव्हा मीही लिहायला बसले. मसुदा व्हॉट्सॲपवर बाबांना पाठवला, ते एव्हाना इचलकरंजीत परत पोचले होते. तासाभरात दुरुस्त होऊन आला. मुद्दे सगळे तसेच, फक्त वर एक ओळ वाढवली होती: "मा. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की..."