हरकत नोंदवली, पोच मिळाली

शहराचा प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, "आपल्यावर काही आरक्षण पडलंय का?" म्हणजे बाजार, शाळा, रस्ता अशा कामासाठी आपली जागा राखून ठेवली आहे का. पडलं नसेल तर ग्रुप पुन्हा सुप्रभातकडे वळतो.

गेल्या वेळी आमच्यावर नाही, पण शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पडलं होतं. मासळी बाजाराचं! मग काय विचारता. दोन दिवसांत एकाच मजकुराच्या झेरॉक्स निघाल्या आणि घरटी एक हरकत गेली. वास, पार्किंग, 'परिसराचं वातावरण' वगैरे. मीही सही केली. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे मी लोकसहभागावर बोलणार आहे.

सुनावणीच्या पत्रावर वेळ सकाळी अकराची होती, आणि सगळ्यांच्याच पत्रावर तीच. अडीच तास बाकावर काढले. शेजारी एक मावशी होत्या, आमच्याच नाक्यावर मासळी विकणाऱ्या. त्यांच्या अर्जावर सिटी सर्वे नंबर, म्हणजे जागेचा सरकारी क्रमांक, नव्हता म्हणून कारकुनाने त्यांना दोनदा परत पाठवलं होतं. पत्ता विचारला तर म्हणाल्या, "पिंपळासमोर, रिक्षा स्टँडला लागून." नकाशात ना पिंपळ होता ना स्टँड. त्या तीस वर्षं जिथे बसतात तिथून आराखड्यातला नवा रस्ता गेला होता आणि त्यांचा बाजार उचलून आमच्या शेजारी ठेवला होता. "तिकडं कोण येणार हो? माणूस स्टेशनवरून घरी जाता जाता मासळी घेतो. वाट वाकडी करून नाय येत."

म्हणजे तो बाजार आम्हाला नको होता आणि त्यांनाही नको होता. मग तो हवा होता कुणाला? टेबलावर नकाशा रंगवताना दोघांपैकी कुणालाही विचारलं नव्हतं, आणि आम्ही एका बाकावर बसलो नसतो तर हे आम्हालाही कळलं नसतं. आत गेल्यावर मला तीन मिनिटं मिळाली. मावशींना तेवढीही नाही.

आपल्याकडे लोकसहभाग म्हणजे एवढंच. १९६६च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात आधी आराखडा तयार होतो, मग प्रसिद्ध होतो आणि मग हरकती-सूचना मागवतात. त्या ऐकायला नियोजन समिती असते: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ साली सुमारे ८७ हजार हरकती आल्या होत्या. प्रत्येकाला पाच मिनिटं म्हटली, तरी रोज आठ तास बसून नऊशे दिवस लागतील, तेही रविवार न पाळता. कुठली समिती इतकं ऐकेल? गठ्ठे बांधले जातात, एकसारख्या हरकती एकत्र निकाली निघतात आणि कागदोपत्री लोकांना विचारून झालेलं असतं.

मुंबईचं उदाहरण तर आहेच. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आलं. आरेची जमीन बांधकामाला खुली, वारसा वास्तू नकाशातून गायब, उभ्या इमारतींवरून रस्ते. हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्री फडणवीसांना तो आराखडा नव्याने करायला सांगावं लागलं. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आलं, अंमल सुरू झाला २०१८ मध्ये. गंमत म्हणजे २०१५च्या प्रारूपाआधी, आज कुठे काय आहे ते दाखवणारे विद्यमान जमीन वापराचे नकाशे आले, तेव्हाच स्थानिक गटांनी गल्लोगल्ली हिंडून चुका दाखवल्या होत्या. लोक वेळ देतात हो, फुकट देतात. फक्त पेन्सिलीची रेघ असताना विचारा, शाई वाळल्यावर नको.

गोव्यात २००७ मध्ये लोकांच्या रेट्याने प्रादेशिक आराखडा २०११ मागे घ्यावा लागला. पुढच्या आराखड्याच्या वेळी नकाशे गावोगावच्या पंचायतींकडे गेले. पुढे त्याचंही बरंच राजकारण झालं, पण गावकऱ्याने आपल्या गावाच्या नकाशावर बोट ठेवून 'इथे पाणवठा आहे' म्हणायची सोय तरी झाली. आपल्या खेड्यात ग्रामसभा आहे. शहरातही क्षेत्रसभेची, म्हणजे वॉर्डातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद २००९ साली कायद्यात आली. तुमच्या वॉर्डात एक तरी क्षेत्रसभा झालेली आठवते का? मला नाही.

"लोकांना विचारत बसलो तर आराखडा वीस वर्षं होणार नाही," असं नगररचनेतला माझा एक मित्र म्हणतो. त्याचं सगळंच चूक नाही. आम्हा सोसायटीवाल्यांना विचारलं तर दवाखाना, स्मशान, शाळा, सगळं हवंय, फक्त दुसऱ्याच्या गल्लीत! म्हणूनच सुट्या हरकती नकोत. सोसायटी, मासळीवाल्या, रिक्षा संघटना, बचत गट, क्रिकेट खेळणारी पोरं यांना एकाच नकाशाभोवती बसवा. तिथे माणूस जरा लाजतो. मी लाजलो होतो.

हे सगळं आज लिहितोय, कारण त्याच प्लॉटचं आरक्षण उठवून तो निवासी करायची, त्याच नगररचना कायद्याच्या कलम ३७खाली आराखड्यात फेरबदलाची सूचना आली आहे. पेपरच्या आतल्या पानावर, शोकसंदेशांच्या खाली. हरकतीला एक महिना. आमच्या ग्रुपवर अंगठे आणि पेढे सुरू झाले आहेत. पण बाजाराचं आरक्षण इथून उठलं आणि नाक्यावर पडलं नाही, तर मावशींनी बसायचं कुठे? तेव्हा या वेळी हरकत एकत्र द्यायची ठरवलं आहे: आरक्षण उठवा, पण आधी नाक्याजवळ जागा दाखवा.

त्यासाठी रविवारी सकाळी दहाला बैठक ठेवली होती. मावशी हसल्या. "रविवार आमचा धंद्याचा. सोमवारी ठेवा, सोमवारी तुमच्यातलं कोण मासळी खात नाय."

तर, सोमवारी संध्याकाळी सातला, गणपती मंडळाच्या शेडमध्ये. येताना सिटी सर्वे नंबर माहीत नसला तरी चालेल.