गंजावर रंग फासणाऱ्यांनो, तुमच्या पाया पडतो

मंगळवारी रात्री साडेअकरा वाजता मी बाथरूममध्ये उकिडवा बसून टब खरवडत होतो. वय ५१, कंबरेला पट्टा, तोंडाला रुमाल. आणि याच कामाचे पैसे मी आधी तीन जणांना मोजून झालेले आहेत!

टब अण्णांच्या हौसेचा. १९९४ साली नाशिकला गंगापूर रोडवर घर बांधलं तेव्हा खास मुंबईहून आणलेला. पत्र्याचा, वर पांढरंशुभ्र इनॅमल. त्यात आंघोळ किती जणांनी केली ते विचारू नका, आमच्याकडे तो हौद आहे. शनिवारी पाणी येणार नाही असं पेपरात आलं की शुक्रवारी रात्री टब काठोकाठ. अशाच एका शुक्रवारी त्यात पितळी तपेलं आपटलं, जाळीशेजारी टवका उडाला, बोटाच्या पेराएवढा. तिथून हे सगळं सुरू झालं.

पहिल्या महाशयांनी पांढरं सिमेंट भरलं. "दोन वर्षं बघायचं काम नाही भाऊ." अकराव्या दिवशी खपली माझ्या हातात. अरे बाबा, इनॅमल म्हणजे काच असते. काचेची पूड पत्र्यावर सुमारे ८०० अंशाला भाजून बसवलेली. त्या गुळगुळीत काचेवर सिमेंट काय धरणार, कप्पाळ?

दुसरा आला तोच म्हणाला, "फायबरचा टब आहे, फायबरला गंज येत नाही, हे डाग आहेत." मी फ्रीजवरचं लोहचुंबक आणून टबाला चिकटवलं. तो चुंबकाकडे बघतो, मी त्याच्याकडे बघतो. तरी चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. पिशवीतून एम-सील काढलं, मळलं आणि ओल्या गंजावर थापलं. ओल्या! मी म्हटलं, आधी घासून घ्या की. तर म्हणे, "आत दबून राहतो तो." गंज म्हणजे काय रुसलेली सून आहे, आत दबून राहायला? लोखंडाचा गंज झाला की तो लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. खालून फुगतो आणि शेजारचं चांगलं इनॅमलही उचलून टाकतो. महिन्याभरात टवका पेराएवढा होता तो तळहाताएवढा झाला. यात एम-सीलचा दोष शून्य. कोरड्या, स्वच्छ पत्र्यावर लावलं असतं तर तेच बिचारं वर्षानुवर्षं टिकलं असतं.

तिसरा गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारा. त्याच्याकडून मला खरंच आशा होती, कारण गंज म्हणजे काय ते त्याला तरी कळायला हवं. त्याने स्प्रे मारला, टब नवरीसारखा दिसायला लागला, आणि चौथ्या बादलीच्या गरम पाण्याने साप कात टाकतो तसा रंग सुटला. फोन केला तर, "गरम पाणी कशाला टाकलं?" बाथटबमध्ये! गरम पाणी!

त्यात सल्लागार. शेजारचे काका ॲसिडची बाटली घेऊनच हजर. "हे ओता, चकाचक." काका, ते गंजाबरोबर इनॅमलची चकाकीही खातं, आणि उघड्या पत्र्यावर थोडं जरी राहिलं तरी पुन्हा गंज चढतो, आधीपेक्षा जोमाने. बाकी सगळ्यांचं एकच पालुपद, "काढून टाक ना तो टब." काढतो की. टब काढायला तीन बाजूंच्या टाइल्स फोडाव्या लागतात. १९९४ च्या टाइल्स आता कुठल्या दुकानात ठेवल्यात माझ्यासाठी?

शेवटी रविवार कारंजापासून मेनरोडपर्यंत दुकानं पालथी घातली. रस्ट कन्व्हर्टर मागितलं की समोर रेड ऑक्साइडचा डबा. चार दुकानांत तेच. भाऊ, तो प्रायमर आहे, मला गंजावर उतारा हवाय, फॉस्फोरिक ॲसिडवाला! पाचव्या दुकानात एका म्हाताऱ्या काकांनी न बोलता मागच्या फळीवरून बाटली काढून दिली. देव त्यांना शतायुषी करो.

मग काय, वायर ब्रश, पटाशी, ८० नंबरचा पॉलिश पेपर. आधी पेचकसाने टोचून पाहिलं, आरपार गेला असता तर सगळाच खेळ खलास होता. नाही गेला. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासलं, बारीक खाचांत उरलं त्यावर कन्व्हर्टर, ते काळं पडलं. आणि जाळी उघडल्यावर खरा चोर सापडला. वेस्ट कपलिंग म्हणजे टबातलं पाणी बाहेर नेणारा जोड, त्याखालचा रबरी वायसर सडून चिंधी झालेला, पाणी रोज कडेने आत मुरत होतं. तीन कारागिरांपैकी एकानेही ती जाळी फिरवून पाहिली नव्हती. दोन मिनिटांचं काम! चाळीस रुपयांचा वायसर! हे आठवलं की अजून डोकं फिरतं. यांना येत नाही असं नाही हो, घासायचा कंटाळा. घासलेलं दिसत नाही ना, रंग दिसतो. पैसे दिसणाऱ्या कामाचे.

बुधवारी पुट्टी, आज गुरुवारी ४०० नंबरच्या वॉटर पेपरने साफ करून, थिनरने पुसून, एपॉक्सी रंगाचे दोन पातळ हात. डब्यावर स्पष्ट लिहिलंय, ७२ तास पाणी लागू द्यायचं नाही.

आणि आत्ता, हे लिहिता लिहिता, आई पेपर घेऊन दारात उभी आहे.

"अरे, शनिवारी पाणी नाहीये. उद्या टब भरून ठेवायला लागेल."

मी उद्या रात्री बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून बसणार आहे. कुणी बादली घेऊन आलं तर परिणामांना मी जबाबदार नाही.