तिच्या अक्षरातलं रेकॉर्ड

आमच्या नागपूरच्या इंजिनीअरिंगच्या बॅचच्या ग्रुपवर आठवडाभर एकच विषय चाललाय. तिथल्या एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाच्या ३८ मुलांची असाइनमेंट अक्षरशः सारखी निघाली आणि सरांनी सगळ्यांना शून्य दिलं. त्या ३८ जणांत माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचा मुलगा आहे. पालक प्राचार्यांना भेटून आले. ग्रुपवर अर्धे म्हणतात, असाइनमेंट आपणही उतरवल्याच ना, मग आत्ताच काहून एवढं? उरलेले म्हणतात, आपली पोरं मुळातच अशी, अमेरिकेत बघा, तिकडे कोणी नक्कल करत नाही. आणि मग मला टॅग करतात.

मला दोन्ही बोलण्यांचा राग आला, पण दुसऱ्याचा जास्त. मी अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात १४ वर्षं अल्गोरिदम शिकवते आहे. एकही सत्र असं गेलं नाही की मी नकलेची प्रकरणं वर पाठवली नाहीत, आणि त्यांतली बहुतेक मुलं याच देशात वाढलेली होती. २०१२ साली हार्वर्डमध्ये घरी नेऊन सोडवायच्या एका परीक्षेत सव्वाशेच्या आसपास मुलांवर संशय आला होता. त्यांतल्या सत्तरएक जणांना काही काळ विद्यापीठ सोडावं लागलं. स्टॅनफर्डमध्ये १९२१पासून प्रामाणिकपणाची संहिता आहे आणि तिच्यामुळे परीक्षेच्या वेळी शिक्षक वर्गात थांबत नसत. तिथेही २०२३मध्ये देखरेख करून बघायला मान्यता द्यावी लागली. गोऱ्या कातडीत जास्तीचा सच्चेपणा भरलेला नसतो. आपल्या पोरांना 'मुळातच अशी' म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या वेळच्या फायली आठवाव्यात.

फरक आहे, पण तो नियमांत आहे. पहिल्या तासाला मी सिलॅबस, म्हणजे इथे कोर्सच्या नियमांचा कागद, वाचून दाखवते, ओळ न ओळ. प्रश्नावर एकमेकांशी बोला, फळ्यावर आकृत्या काढा, पण उठताना फळा पुसा, काही लिहून नेऊ नका. उत्तर लिहिताना एकटे बसा. ज्याच्याशी बोललात त्याचं नाव वर लिहा. चॅटजीपीटीला विचारलं असेल तर काय विचारलं तेही जोडा. देणारा आणि घेणारा, दोघांना शून्य. आणि यातलं मला सगळ्यात प्रिय कलम म्हणजे प्रत्येकाला सत्रभरात पाच लेट डेज. कारण सांगायचं नाही, सर्टिफिकेट आणायचं नाही. ताप असो, ब्रेकअप असो, की नुसता कंटाळा. शुक्रवारी ११:५९ला जमलं नाही तर शनिवारी द्या, मी विचारणार नाही. आणखी एक कलम मी हार्वर्डच्या सीएस५० या कोर्सकडून घेतलं आहे: चूक झालीच असेल तर ७२ तासांत स्वतः येऊन सांगा. मग त्या असाइनमेंटचे मार्क जातील, पण प्रकरण पुढे जाणार नाही. दर सत्रात चार-पाच जण येतात. रडतात. त्यांच्यापैकी कोणी पुन्हा सापडल्याचं मला आठवत नाही.

त्या ३८ मुलांना असं काही कोणी लिहून दिलं होतं का? मी मैत्रिणीला हेच विचारलं. नव्हतं. आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. यूजीसीचे २०१८चे नियम आहेत, प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ६०च्या वर गेलं तर नोंदणी रद्द होते, सगळं आकड्यांत ठरलेलं आहे. बोर्डाचं कॉपीमुक्त अभियान आहे, भरारी पथकं आहेत. पण तिसऱ्या वर्षाच्या पोराने मित्राला काय विचारलेलं चालतं आणि कुठून पुढे चालत नाही, हे त्याला सांगणारा एक कागद नाही. पथक आलं की चिठ्ठी लपवायची, एवढंच आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकलो.

शिवाय ते काम तरी कोणतं? आमच्या वेळी प्रत्येक विषयाची बारा-बारा प्रॅक्टिकल, वर्षानुवर्षं तीच, रीडिंगसुद्धा सीनिअर्सच्या रेकॉर्डमधून, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीतून, आलेली. सर अनुक्रमणिका बघायचे, तारीख बघायचे, सही करायचे. आत वाचायचं कोणी नाही. पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या शीटसाठी खिडकीची काच काढून खाली बल्ब लावायचा आणि वर दुसऱ्याची शीट ठेवून रेषा उतरवायच्या. त्याला आम्ही जीटी म्हणायचो. मे महिन्यात, पंखा बंद करून, कारण पंख्याने कागद हलायचा. मला ती काच आणि तो घाम आजही आठवतो, आणि वाईट वाटत नाही. न वाचल्या जाणाऱ्या कामाची मुलं जी किंमत करतात तीच आम्ही केली.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, जरा लांबच लिहिलं. मैत्रिणीचं उत्तर दोन ओळींत आलं: 'तू तिथं बसून बोलून राहिली. इथं येऊन एक सेमिस्टर काढून दाखव.'

ते लागलं. तिने म्हटलं म्हणून लागलं.

२००० साली, आम्ही तिसऱ्या वर्षाला असताना, बाबांची बायपास झाली. धंतोलीच्या एका दवाखान्यात ते १९ दिवस होते आणि रात्रीची पाळी माझी होती. रेकॉर्डच्या सहीची तारीख निघून जायला आली. सही नाही तर सेशनल, म्हणजे कॉलेजने द्यायचे मार्क, नाहीत, ते नाहीत तर परीक्षेचा फॉर्म नाही. मी सरांकडे गेले. ते म्हणाले, नियम सगळ्यांना एकच. त्या रात्री तिने महालातल्या त्यांच्या वाड्यात बसून माझं अख्खं रेकॉर्ड लिहिलं, बाराही प्रॅक्टिकल, आलेखांसकट, सकाळी पाचपर्यंत. माझं अक्षर डावीकडे झुकतं, तिचं उजवीकडे. सरांनी पानं उलटून सही केली.

माझ्या आजच्या सिलॅबसप्रमाणे आम्हा दोघींना शून्य. तिला आधी, कारण देणारी ती.

२००९मध्ये, मी इथे पीएचडी करत असताना, बाबा गेले. तिकीट मिळून नागपूरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. विमानतळावरूनच मी प्रोफेसरांना मेल केला. अकरा मिनिटांत उत्तर आलं, हवा तेवढा वेळ घे, सगळ्या मुदती पुढे ढकलल्या आहेत. किती सभ्य, किती योग्य उत्तर. मी आजही माझ्या मुलांना त्याच शब्दांत लिहिते. पण परत आल्यावर या गावात कोणी माझ्या शेजारी येऊन बसलं नाही. तिकडे तेरा दिवस आईजवळ कोण होतं ते सांगायला नको.

जिथे मुदतीला माया नसते तिथे माया नकलेच्या वाटेने येते, हे मला तिच्यामुळे कळलं. माझ्या कोर्समधले लेट डेज त्या रात्रीतून आले आहेत. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी ऑफिस अवर्समध्ये एक मुलगा आला. दार लोटून मराठीत म्हणाला, 'मॅम, तुम्ही नागपूरच्या ना? मी त्रिमूर्तीनगरचा.' दोन असाइनमेंट जुळल्या होत्या, त्याची आणि त्याच्या रूममेटची. रूममेट आजारी होता. त्याचे पाचही लेट डेज शिल्लक होते. मी विचारलं, मग त्याने ते का वापरले नाहीत? तो म्हणाला, 'त्याने मागितलं, मी दिलं.' एवढंच. मी दोघांना शून्य दिलं आणि प्रकरण वर पाठवलं. मी चुकले नाही. घरी येऊन जेवण गेलं नाही.

म्हणून त्या ३८ मुलांच्या आयांना माझं सांगणं आहे की शून्य काढून घ्या म्हणून भांडू नका. त्या सरांना नियम लिहून मागा, लेट डेज मागा, कोणीतरी वाचणार असेल असं काम मागा.

हे सांगणं मी ग्रुपवर नाही, तिला एकटीला लिहिलं. तिने वाचलंय. आठवडाभर आम्ही भांडतो आहोत, आणि इतक्या दिवसांत तिने माझ्या रेकॉर्डचा विषय एकदाही काढलेला नाही.